अरे म्हणणारी बाई

मेंदूला मार लागलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक परीक्षकच असतो. खुर्ची ओढून बसायच्या आत पेपर सुरू. "ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?" पेशंट बिचारा घामाघूम. बरं, उत्तर चुकलं की परीक्षकच रडायला लागतो आणि पेशंट चालायचं सोडून त्याची समजूत काढत बसतो. म्हणून माझ्या व्यायामाच्या खोलीच्या दारावर मी स्वतःच्या हाताने पाटी लिहून लावली आहे: 'येथे कोणीही कोणाला ओळख विचारू नये.' मोठे डॉक्टर त्या पाटीला हसतात. हसू देत. पडलेलं माणूस उचलायला ते येत नाहीत.

मी फिजिओ आहे. माझ्याकडे ओळखीचं काम नाही, भाराचं काम आहे. माणूस चालतो म्हणजे एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर देतो, आणि हे त्याच्या नकळत होत असतं. डोक्याला मार बसला की ते नकळत होणं जातं. मग आधी कोणाच्या तरी अंगावर भार टाकून उभं राहायला शिकावं लागतं, आणि ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या अंगावर कोणी भार टाकत नाही. एवढंच माझं शास्त्र. बाकीचं पुस्तकात आहे.

तर ही बाई. शाळेची व्हॅन चालवायची. सगळी मुलं घरी सोडून रिकामी व्हॅन परत आणत होती आणि मागून ट्रकने ठोकलं. डोकं खिडकीच्या चौकटीवर आपटलं. मुलं गाडीत नव्हती हे केवढं नशीब, असं येणारा-जाणारा तिच्या नवऱ्याला ऐकवायचा आणि तो बापडा मान डोलवायचा. ऑपरेशन झालं, कितीतरी दिवस ती नळ्यांच्या जंजाळात पडून होती, मग एकदाचे डोळे उघडले. माझ्याकडे आली तेव्हा डावा पाय ओढत होती, बोलणं बंद होतं आणि कापलेल्या केसांच्या जागी बोटभर पांढरे खुंट उगवले होते.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. वॉर्डात सगळे त्याला 'लिफ्टवाले' म्हणत, कारण बायकोला आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने आमची कधीपासून अडून बसलेली लिफ्ट कोणी न सांगता चालू करून दिली होती. टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, नखांत ग्रीस. मूलबाळ नाही. घरात तिसरी त्याची आई. या सासूबाई काठी टेकत रोज यायच्या आणि खोलीत शिरल्या शिरल्या माझ्या कामात खोड काढायच्या. पट्टा सैल आहे, बाई वाकलीये, पंखा तिच्यावर येतोय. नाकावर राग, पण त्या रागालाही आता वय झालं होतं.

त्या दिवशी ती दोन दांड्यांच्या मध्ये उभी होती. कमरेला पट्टा, पट्ट्याचं टोक वॉर्डातल्या मामांच्या हातात, आणि समोर हात पुढे करून नवरा. मी तिच्या डाव्या गुडघ्यावर लक्ष ठेवून होते. गुडघा सावरला, तिने मान वर केली, समोर नीट पाहिलं आणि म्हणाली, "अहो."

दोन महिन्यांतला पहिला शब्द. पुढे ओठ हलले पण काही आलं नाही. सासूबाई खुर्चीवरून काठीशिवाय उठल्या. "ऐकलंत? नवऱ्याला हाक मारली तिने. अहो म्हणाली." मग पर्समधल्या पेपरमिंटच्या गोळ्या काढून सगळ्यांच्या हातांवर ठेवत सुटल्या. मामांना दिली, मला दिली, शेजारच्या गादीवर पाय हलवत पडलेल्या गवंड्यालाही दिली. गवंडी गोळी चोखत म्हणाला, "अभिनंदन." माझाही जीव भांड्यात पडला होता. एकदा हाक मारायला लागलं की माणूस चालायला लागतं, हे मी खूपदा पाहिलं आहे.

मी वळून पाहिलं तर लिफ्टवाले खोलीत नव्हते.

ते सापडले बोळाच्या टोकाला, जिथे व्हीलचेअर लावून ठेवतात. एका खुर्चीचं चाक वर करून त्याचा स्क्रू आवळत बसले होते. मी जरा झापलंच त्यांना. "अहो, बायकोने हाक मारली आणि तुम्ही इथे काय करताय?"

"मॅडम, ती मला अहो म्हणाली."

"मग? चांगलंच आहे की."

"ती मला अहो म्हणत नाही." चाक फिरवून पाहिलं त्यांनी. "आम्ही एका वर्गात होतो. अरे, ऐक रे, गाढवा, यातलं काहीही म्हणते. भांडताना जास्तच म्हणते. एवढ्या वर्षांत अहो एकदाही नाही. अहो ती दुकानदाराला म्हणते. रस्त्यात आडवा आलेल्या माणसाला म्हणते." चाक पुन्हा फिरवत म्हणाले, "आणि आईच्या लक्षातच आलं नाही बघा. या एका अहोसाठी तिने घरात आकाशपाताळ एक केलं होतं. आता मिळालं तर केवढी खूश झालीये."

मी उगाच काहीतरी बोलले, की पहिलाच शब्द आहे, त्याचा एवढा कीस काढू नका. ते हो म्हणाले. स्क्रू मात्र नको इतका घट्ट आवळला. ती खुर्ची पुढे कित्येक दिवस एका बाजूला ओढत होती.

मग तिचं बोलणं हळूहळू मोकळं झालं आणि लिफ्टवाल्यांचा संशय खरा ठरला. तिची मधली वर्षं पुसली गेली होती. नुकतंच लग्न झालंय, भाड्याची एक खोली घेतलीये, नवरा लिफ्ट कंपनीत नवा लागलाय आणि कंपनीने त्याला ट्रेनिंगला दुसऱ्या गावी पाठवलंय, इथे तिचं घड्याळ थांबलं होतं. व्हॅन तिला आठवत नव्हती. आरशात स्वतःला पाहून म्हणायची, "आजारपणाने पार म्हातारी केलं हो मला. केस वाढू देत, काळे येतील." आमच्या खोलीची एक भिंत पूर्ण आरशाची आहे, उभं राहणं सुधारावं म्हणून. त्या आरशाचा मला कधी नव्हे तो राग आला.

लिफ्टवाल्यांनी एकदा तिला सरळ सांगून पाहिलं. "अगं, मीच तो. ट्रेनिंग कधीच संपलं." आधी ती हसली, चेष्टा वाटली तिला. त्यांनी हात धरला तेव्हा घाबरून ओरडली, मामांना हाका मारल्या, आणि तो सगळा दिवस उठली नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी मग सगळ्यांना बसवून सांगितलं, की वर्षं परत येतील किंवा येणारही नाहीत, पण तिच्याशी वाद घालायचा नाही आणि तिला खोटं पाडायचं नाही. फोटो दाखवणंसुद्धा बंद करा म्हणाले. लिफ्टवाल्यांनी पाकिटातला फोटो काढून आईच्या पर्समध्ये ठेवला.

"आणि मला अगं म्हणू नका हं," तिने त्यांना दुसऱ्या दिवशी बजावलं. रागाने नाही, अगदी नीट सांगितलं. "तुम्ही चांगले आहात, पण बरं दिसत नाही."

त्या माणसाची त्यानंतर जी तारांबळ उडाली ती पाहून हसावं की रडावं कळत नव्हतं. तू म्हणायचं नाही, आणि तुम्ही तोंडातून निघत नाही. मग त्यांनी एक भाषाच काढली. "जरा उठायचं का? पाय पुढे घ्यायचा. आता पाणी प्यायचं." ना तू, ना तुम्ही. दिवसभर बायकोशी असं बोलायचे आणि बोळात येऊन आईशी फोनवर खेकसायचे. मामा मला हळूच म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. नवरा कधी येणार म्हणून नवऱ्यालाच विचारतीये बिचारी." खरंच विचारायची ती. "अहो, तुम्ही बाहेर जाऊन-येऊन असता. लिफ्ट कंपनीत जरा चौकशी करता का? किडकिडीत आहे, दाट केस आहेत, लगेच ओळखाल." आणि हा टकला माणूस म्हणायचा, "करतो चौकशी."

तिला ओळखता आला तो एकटा तिचा थोरला भाऊ. तो परगावाहून आला, पाटी न वाचता आत घुसला आणि मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "दादा, केवढा सुटलास." दादा रडला. लिफ्टवाले लांबून हसत होते, आनंदाने हसत होते असं मी मानते, पण हातातला टॉवेल त्यांनी पिळून काढला होता आणि टॉवेल कोरडा होता. ती त्यांच्याकडे बोट दाखवून भावाला म्हणाली, "दादा, हे गृहस्थ रोज येतात. कोण कुठले, पण फार सभ्य आहेत."

दादा वाईट माणूस नव्हता. मला बाजूला घेऊन त्याने विचारलं, "मॅडम, तुम्हीच सांगा, हिला यांच्याबरोबर घरी कसं पाठवायचं? तिच्या लेखी परका पुरुष आहे. एका घरात, एका खोलीत. घाबरून पळाली, पडली, तर? माझं घर बैठं आहे, बायको घरात असते. मी नेतो." काय चुकीचं होतं त्यात? काहीच नाही.

मोठ्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे निकाल माझ्यावर ढकलला. ज्याच्या हाताने ती सुरक्षित चालेल, पायऱ्या उतरेल, गाडीत बसेल, त्याच्याबरोबर ती जाईल, आणि ते ठरवायचं फिजिओने. पलंग लवकर रिकामा हवा होताच. म्हणजे कमरेचा पट्टा मी ज्याच्या हातात देणार, त्याची ती बाई. लिफ्टवाल्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "आणि दादाकडे गेली, तर परत येईल?" मी म्हटलं, सांगता येत नाही. ते म्हणाले, "नाही येणार. कशाला येईल? कोणाकडे येईल?"

अडचण अशी होती की मामांच्या हातात पट्टा असला की ती झकास चालायची. मामा म्हटलं की झालं, मामांच्या खांद्यावर अख्खा भार टाकून, गप्पा मारत. लिफ्टवाल्यांनी पट्टा धरला की तीच बाई ताठ. कोपर बाहेर काढून मध्ये अंतर ठेवायची, भार उजव्या पायावरच, आणि डावा पाय मग नुसता फरफटत यायचा. मी ओरडायचे, "टाका भार त्यांच्यावर." ती ओशाळून म्हणायची, "टाकते ना." टाकायची नाही. भल्या घरची बाई परक्या पुरुषाच्या अंगावर रेलेल कशी? इतर पेशंटांत मी अशक्तपणाशी भांडते, हट्टाशी भांडते, दुखण्याशी भांडते. सभ्यपणाशी कसं भांडायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

माझी एक समजूत होती. डोकं विसरलं तरी शरीर विसरत नाही, अशी. त्याला कारणही होतं. एकदा मामा तिची व्हीलचेअर बोळाच्या वळणावरून नेत होते तर ती तावातावाने म्हणाली, "अहो, वळताना हात दाखवा." व्हॅन आठवत नाही, पण वळण आलं की हात शिवशिवतो. मी लिफ्टवाल्यांना म्हटलं, तुमच्या हातांना ती इतकी वर्षं ओळखते, तिच्या पाठीला ते कळेल. त्यांनी ते एखाद्या औषधासारखं धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी नखांतलं ग्रीस घासून घासून काढून आले. मग मला ते पाहून वाटलं, अरे देवा, कदाचित ग्रीसच ओळखीचं असेल, आणि मी त्यांना परत जाऊन हात काळे करून यायला सांगितलं. ते गेले आणि आमच्याच लिफ्टच्या खड्ड्यात उतरून हात काळे करून आले.

ती आरशाकडे पाठ करून उभी होती. मामांनी मागून धरलं होतं. मी तिला बोलण्यात गुंतवलं आणि मामांनी हळूच पट्टा लिफ्टवाल्यांच्या हातात दिला. एक हात पट्ट्यावर, एक तिच्या पाठीवर. ते श्वाससुद्धा घेत नव्हते.

ती एक पाऊल चालली. मग अंग चोरून म्हणाली, "मामा, हे हात तुमचे नाहीत." आणि त्या हातांखालून अशी सरकली की पडता पडता वाचली.

शरीर विसरत नाही म्हणतात. विसरतं. मला स्वतःचाच इतका राग आला की उरलेला दिवस मी गवंड्याला विनाकारण राबवलं.

या सगळ्यात सासूबाई बदलल्या. तिच्या लेखी त्या 'आजी' होत्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा "आजी? मी?" म्हणून चिडल्या होत्या, पण नंतर रोज तिच्याजवळ बसून केसांच्या खुंटांवरून हात फिरवायच्या. एकदा मी तिचा घोटा ताणत होते आणि ती त्यांना म्हणाली, "आजी, तुम्ही किती प्रेमळ आहात. माझी सासू अशी नाही हो."

"काय करते ती?" सासूबाईंनी विचारलं.

"मी नवऱ्याला अरे म्हणते म्हणून तोंड फुगवून बसते. परवा पाहुण्यांसमोर म्हणाली, अरे-तुरे करतेस, त्याची काही किंमत ठेवशील की नाही? आता मला सांगा, बाकावर शेजारी बसून गणितं चोरली त्याची, त्याला अहो कशी म्हणू? अहो म्हटलं की तो दुसराच कोणीतरी वाटतो."

सासूबाईंचा हात थांबला. स्वतःचंच वाक्य इतक्या वर्षांनी जसंच्या तसं समोर आलं होतं. "चुकलं तिचं," त्या म्हणाल्या.

"नाही हो, मनाने चांगली आहे. जित्याची खोड, दुसरं काय."

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाले पाण्याची बाटली भरून आत येत होते. सासूबाईंनी त्यांना हाताने बोलावलं, तिच्यासमोर उभं केलं आणि तिला म्हणाल्या, "माझं एक ऐकशील? याला अरे म्हण."

ती गोंधळली. "असं कसं आजी? मोठे आहेत ते माझ्यापेक्षा."

"असू दे. एकदाच म्हणून बघ. अरे, इकडे ये. एवढंच."

"आई, राहू दे," लिफ्टवाले म्हणाले.

"तू गप्प बस." सासूबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "म्हण गं पोरी. मी काही बोलणार नाही. चारचौघांत म्हण, पाहुण्यांसमोर म्हण, गाढव म्हण त्याला. मी आयुष्यात पुन्हा कधी काही बोलणार नाही." आणि त्या कडक बाईने तिच्यापुढे हात जोडले.

ती फार अवघडली. म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून तिने प्रयत्नही केला. तोंड उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग लाजून मान खाली घातली. "नाही हो जमत, आजी. माफ करा हं," हे शेवटचं तिने त्यांना म्हटलं, लिफ्टवाल्यांना. "काही हरकत नाही," ते म्हणाले आणि भरलेली बाटली पुन्हा भरायला बाहेर गेले. मी घोट्याचा व्यायाम घेत राहिले. मला समोरचं दिसत नव्हतं, हातांना काम माहीत होतं म्हणून चाललं.

जायचा दिवस ठरला. दादा गाडी घेऊन आला, तिची पिशवी भरून दारात उभा राहिला. मी त्याला थांबायला सांगितलं. शेवटचं एकदा बघू म्हटलं, आणि ते मी कोणासाठी म्हटलं ते त्यालाही कळलं. तो भला माणूस पिशवी खाली ठेवून भिंतीला टेकला.

आमच्या खोलीत चार लाकडी पायऱ्यांचा एक जिना आहे. चढून कुठेच जात नाही, दुसऱ्या बाजूने नुसता उतरतो. मी लिफ्टवाल्यांच्या हातात पट्टा दिला आणि तिच्या डाव्या बाजूला उभं केलं. "चला."

"जरा पाय उचलायचा," ते म्हणाले. "आता वर ठेवायचा."

पुन्हा तेच. कोपर बाहेर, अंग उजवीकडे, डावा पाय पायरीच्या कडेला अडकलेला. ते घामाने भिजले होते. मी मनात म्हटलं, संपलं. पट्टा परत घ्यायला मी हात पुढे केला, तेवढ्यात तिने मान वर केली. समोर आरसा होता. आरशात दोघं शेजारी शेजारी दिसत होते, तिचं खुंट वाढलेलं डोकं आणि त्यांचं टक्कल. ती आरशातल्या त्यांच्याकडे बघत राहिली. असं तिने त्यांच्याकडे कधीच बघितलं नव्हतं. कपाळ बघितलं, नाक बघितलं, हनुवटी बघितली. सासूबाई काठी घट्ट धरून उठल्या. दारावरची ती पाटी मीच लावली आहे, पण त्या क्षणी मला मोठ्याने विचारावंसं वाटत होतं, सांग बाई, सांग, कोण आहे हा?

"तुमचा चेहरा त्याच्यावर गेलाय," ती म्हणाली. "नाक तर अगदी तेच. अहो, तुम्ही त्याचे चुलत भाऊ का?"

लिफ्टवाल्यांनी आरशातून दाराकडे पाहिलं. दादा उभा होता, पायाशी पिशवी. मग आईकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"हो," ते म्हणाले.

"थोरले?"

"थोरला."

"तरीच. म्हणजे त्याने पाठवलंय तुम्हाला?"

"हो. त्यानेच पाठवलंय." आवाज अगदी साधा होता त्यांचा. "त्याचं ट्रेनिंग लांबलंय. तो येईपर्यंत सांभाळायला सांगितलंय मला. घरी आईपण आहे, सोबतीला."

"मग हे आधी नाही का सांगायचं, भाऊजी," ती म्हणाली. "मी आपली इतके दिवस अंग चोरून चालतीये. घरचं माणूस आणि उगाच परक्यासारखं." तिने कोपर आत घेतलं. डावा हात त्यांच्या खांद्यावर टाकला आणि सगळा भार त्यांच्यावर सोडून पाऊल उचललं.

टाच आधी टेकली, मग तळवा. गुडघा सरळ. दुसरी पायरी, तिसरी, चौथी, आणि पलीकडून खाली. जसं पाऊल पडावं म्हणून मी दोन महिने घसा कोरडा केला होता तसं ते पडत होतं. असं झालं की मी टाळी वाजवते आणि शाब्बास म्हणते, सगळ्यांना म्हणते, माझी सवयच आहे. मला म्हणता आलं नाही. मामा पाठमोरे होऊन गाद्यांवरच्या चादरी सारख्या करत होते, त्या आधीच सारख्या होत्या.

"दादा, मी भाऊजींबरोबर जाते रे," ती म्हणाली. "त्याने एवढं पाठवलंय तर नाही कसं म्हणणार? आणि तो आला की सांगणार आहे त्याला, तुझ्यापेक्षा तुझे भाऊ बरे, रोज येत होते." लिफ्टवाले हसले. दादाने पिशवी उचलून सासूबाईंच्या हातात दिली.

मी व्हीलचेअर घेऊन मागून चालले होते, गरज पडली तर असावी म्हणून. गरज पडली नाही. बोळातून ती त्यांच्या अंगावर रेलून, गप्पा मारत चालली होती. तो लहानपणी कसा होता, खोड्या करायचा का, असं विचारत होती, आणि ते सांगत होते. पुढे सासूबाई काठी टेकत चालल्या होत्या. मागे वळून बघत नव्हत्या.

दवाखान्याच्या मोठ्या दाराशी उन्हात उतरणारी एक पायरी आहे. उन्हामुळे ती पटकन दिसत नाही, तिथे खूप जण ठेचकाळतात. ती कडेशी आली आणि पाय हवेतच थांबला. लिफ्टवाल्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या ओठांवर 'अगं' आलेलं मी पाहिलं. ते त्यांनी गिळलं. उठायचं, चालायचं, ती भाषाही आता पुरणार नव्हती, घरचं माणूस घरच्या माणसाशी असं बोलत नाही.

"सावकाश, वहिनी," ते म्हणाले. "पायरी आहे."